इंजिन बांधायचं की बदलायचं

झरी जामणी तालुक्याचं ठिकाण असलं तरी पंक्चर, बॅटरी, ब्रेक यापलीकडचं काम निघालं की आम्हाला वणी गाठावी लागते. तिथं कोळशाच्या खाणींमुळे ट्रकांची वर्दळ मोठी, त्यामुळे लेथवाले आणि इंजिन उघडणारे मिस्त्री आहेत. माझं कृषी केंद्र आहे. मे महिना संपत आलेला, आठवडाभरात कपाशीच्या बियाण्याची झुंबड उडणार, आणि नेमकी तेव्हाच पांढरकवड्याहून झरीकडे येताना पुतण्याच्या हातात गाडी बसली.

रेडिएटरचा वरचा होज फाटला होता. बाहेर पंचेचाळीसच्या आसपास ऊन. सगळ्यांनी पुतण्याला एकच विचारलं, "काटा पाहिला नाही का?" त्यानं पाहिला होता, पण काटा वर गेलाच नव्हता. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणी एकदम वाहून गेलं की तो नुसत्या हवेत राहतो, इंजिन भाजत असतं आणि काटा मध्यावर निवांत असतो. त्या पोराला घरात दोन दिवस उगाच बोलणी बसली.

ट्रॅक्टरनं ओढून आणलेली गाडी पुढे वणीला गेली. मिस्त्रीनं ऑइलची डिपस्टिक काढून मला दाखवली. ऑइल दुधी झालेलं. म्हणजे हेडचं गॅस्केट गेलं आणि पाणी ऑइलमध्ये उतरलं. "भाऊ, एवढंच असन तर सस्त्यात सुटलो," तो म्हणाला, "पन उघडल्याबिगर म्या काई सांगत नाई."

उघडेपर्यंत इतरांनी सगळं सांगून टाकलं. वडील म्हणाले, भंगारात दे. नागपूरच्या मेव्हण्यानं फोनवर जुनं इंजिन ठरवूनही टाकलं: साठ हजार, दोन दिवसांत बसवून मोकळं. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आल्यापासून तिकडची इंजिनं बाजारात फिरतात, मुंबईत कुर्ल्यालाही मिळतात, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. शेजाऱ्यांचा हिशेब आणखी सोपा होता: गाडी विकली तर दोन लाख येतील, मग इंजिनात लाखभर घालायचे कशाला?

हा हिशेब मला तेव्हाही पटला नाही. गाडीला बाजारात काय मिळतं, यापेक्षा तिच्या जागी दुसरी आणायला काय लागतं ते धरायला हवं. दोन लाखांत जी गाडी येईल तीही कुणीतरी कशाला तरी कंटाळून विकलेलीच असणार. माझ्या गाडीचा क्लच आदल्याच वर्षी बदललेला, गिअरबॉक्स ठीक, आणि आमच्या कोरड्या हवेत पत्र्याला गंज नाही. गेलं होतं ते फक्त इंजिन.

तेही ओळखीचं होतं. 1248 सीसीचं हे डिझेल इंजिन मूळ फियाटचं. मारुतीनं ते परवान्यावर बनवलं, टाटांच्या गाड्यांत ते आलं. इतक्या गाड्यांत बसलं की लोक त्याला देशाचं राष्ट्रीय इंजिन म्हणू लागले. 2020 च्या एप्रिलमध्ये बीएस-6 लागू झाल्यावर मारुतीनं डिझेल गाड्या विकणं बंद केलं. पण पिस्टन, रिंगा, बेअरिंगची शेल, गॅस्केट हे सगळं आजही सहज मिळतं.

हेड उतरल्यावर मिस्त्रीनं त्यावर सरळ पट्टी आडवी ठेवली आणि खालून फीलर गेजची पात सरकवली. मधोमध पात आत गेली, हेड वाकलेलं. अॅल्युमिनियमचं हेड जास्त तापलं की असं होतं. ते प्रेशर टेस्टला पाठवलं, कारण तडा असता तर नवं हेड घ्यावं लागलं असतं आणि मग मेव्हण्याचं गणित बरोबर ठरलं असतं. तडा निघाला नाही. मात्र तिसऱ्या सिलिंडरमध्ये उभे ओरखडे होते, नखाला लागतील इतके. शेलचा वरचा थर उडून खालचं तांबं दिसत होतं. क्रँक मायक्रोमीटरनं मोजला, तो शाबूत निघाला. ब्लॉक बिडाचा, त्यात बोअर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन बसवायला जागा होती.

मिस्त्रीनं सगळी मापं माझ्यासमोर वहीत लिहिली. ते पान पाहूनच माझं ठरलं. नागपूरच्या इंजिनाबद्दल विचारलं तेव्हा उत्तर आलं होतं, "एकदम मस्त चालू इंजिन आहे, दादा." किती किलोमीटर, कोणत्या गाडीचं, गाडी अपघातातली की पाण्यात बुडालेली, काही पत्ता नाही. शिवाय त्याचे इंजेक्टर घेतले तर त्यांच्यावरचे कोड गाडीच्या ईसीयूत भरून घ्यावे लागतात. तेवढ्यासाठी स्कॅनरवाला वेगळा. आणि आरसीवर इंजिनाचा क्रमांक असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार इंजिन बदललं तर आरटीओकडे नोंद करावी लागते. माझ्या गाडीला पंधरा वर्षं भरत आली होती, नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती यवतमाळला न्यायचीच होती. तिथं क्रमांकाचा घोळ मला नको होता.

काम महागच पडलं. हेडचं फेसिंग, बोअर, पिस्टन-रिंगा, शेल, ऑइल पंप, टायमिंग चेन, हेडचे नवे बोल्ट, सगळे होज आणि रेडिएटर मिळून नव्वद हजारांच्या घरात गेलं. हेडच्या बोल्टवर पैसे वाचवू का, असं मी विचारलं होतं. मिस्त्री नुसता हसला. ते बोल्ट आवळताना ताणले जातात, दुसऱ्यांदा तशी पकड देत नाहीत. फेसिंगनं हेड खाली येतं, म्हणून गॅस्केटही जाडी बघून निवडावं लागलं. चुकलं असतं तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटले असते. असली कामं घाईत करणाऱ्याकडे मी इंजिन देणार नाही, मग तो दहा हजारांनी स्वस्त असला तरी.

जूनचे पहिले दिवस भाड्याच्या पिकअपवर काढले, त्यात नफ्यातला बराच भाग गेला. गाडी आल्यावर पहिले हजार किलोमीटर जोरात हाणली नाही, ओझं कमी ठेवलं, मग ऑइल आणि फिल्टर बदलले. आता डिपस्टिकवर ऑइल कमी होत नाही, धूर नाही, आणि यवतमाळला तपासणीत चेसिस व इंजिनाचा क्रमांक आरसीशी जुळला.

तुमचं हेड तडकलेलं असेल किंवा क्रँक गेला असेल तर जुनं इंजिन बसवणंच स्वस्त पडू शकतं. तेव्हा बिल आणि ज्या गाडीतून ते काढलं तिच्या कागदांची प्रत हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि बसवल्यावर 14 दिवसांत आरटीओला कळवा.