रात्रीची हाक

दिवा मालवला की आजी हाक द्यायला लागायची. आधी थोरल्या, मग धाकल्या, मग दोघी सुना, मग आम्ही नातवंडं. प्रत्येकाला एकच प्रश्न, "हाईस का?" आणि प्रत्येकानं आपापल्या वाकळेतून म्हणायचं, "हाय." डोळा लागला असला तरी उत्तर आल्याशिवाय ती पुढं जायची नाही. आबांना, म्हणजे तिच्या थोरल्याला, याचा फार राग यायचा. ते मुद्दाम गप्प पडून राहायचे. मग ती उठायची, अंधारात चाचपडत यायची, त्यांच्या कपाळाला हात लावून बघायची आणि परत जाऊन पुढचं नाव घ्यायची.

मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी रात्री अशी माणसं मोजतात. एकदा शाळेतल्या मैत्रिणीकडं मुक्कामाला राहिले. दिवा गेला, सगळे झोपले, कुणी कुणाला हाक दिली नाही. रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

आम्ही कैकाडी. आजी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये जन्मली. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, 1911 च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला, आणि आमच्यासारख्यांची पोरं पाळण्यातच गुन्हेगार ठरली. सोलापुरात तारेचं कुंपण घालून आत माणसं बसवली. बाप्यांना गिरणीत कामाला लावलं. बोटांचे ठसे सरकारदप्तरी, बाहेर पाऊल टाकायचं तर पास, आणि हजेरी चुकली की शिक्षा. सहा ते अठरा वर्षांची पोरं आईबापांपासून काढून वेगळ्या शाळेत ठेवायची मुभाही कायद्यानं सरकारला दिली होती. आजीची थोरली बहीण अशी गेली. परत आली तेव्हा तिला आमची बोली सगळी समजायची, पण ती मराठीतच उत्तर द्यायची.

घंटा झाली की हजेरीला उभं राहताना आजीची आई तिचा दंड घट्ट धरायची. ते सांगताना आजी आपलाच दंड पकडून दाखवायची, आणि बोलून झालं तरी हात लवकर सोडायची नाही.

लग्न होऊन ती कोल्हापुरात आली. आजोबांची माणसं पहिल्यापासून या संस्थानातली. शाहू महाराजांनी 1918 मध्येच इथली हजेरी बंद केली होती. ज्या फासेपारध्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं, त्यांना महाराजांनी जवळ केलं, कामाला लावलं. आजोबांच्या घरात महाराजांचा फोटो देवाच्या ओळीत होता. हजेरी त्यांनी फक्त ऐकलेली. ती या घरात आणली आजीनं, आणि माझी खात्री आहे, तिला त्याचा पत्ताही नव्हता. ज्या गोष्टीची तिला सगळ्यात जास्त भीती वाटली, तिच्यातूनच ती माया करायला शिकली. मला हे फार उशिरा समजलं.

दिवसा तिचे हात पाटीत असायचे. निरगुडीचे फोक ओढ्याकाठनं आणायचे, पाण्यात टाकायचे, मऊ झाले की बूड बांधायला घ्यायचं. बूड पायाच्या अंगठ्याखाली दाबून ती गोल गोल फिरायची, आणि एकेक काडी आत-बाहेर, आत-बाहेर जायची. काठ वळताना मात्र बोलायची नाही. तिथं काडी मोडली तर पाटी वाया. तिच्या तर्जनीला आतल्या बाजूनं एक खाच पडली होती, काडी बरोबर तिथं बसायची. आजोबा गाढवावर दुरड्या, पाट्या, डालगी लादून गुऱ्हाळांवर आणि बाजारांना फिरायचे. पुढं प्लॅस्टिकची घमेली आली, क्रेट आले. गाढव विकलं. आजी तरी वळत राहिली, शेजाऱ्यापाजाऱ्यांना अशाच देऊन टाकायची.

कॉलेजात असताना मी अमेरिकेतल्या शायेन आणि अरापाहो लोकांविषयी वाचलं. गवताळ माळावर फिरणारी माणसं ओक्लाहोमात एका राखीव मुलखात कोंडली, शिध्यासाठी रांगेत उभी केली. पोरं दूर पेनसिल्व्हेनियात कार्लाइलच्या शाळेत नेली, केस कापले, बोली बंद केली. पुढं माणशी 160 एकर तुकडे पाडून उरलेली जमीन 1892 मध्ये गोऱ्यांना खुली केली. मी आजीला हे सगळं सांगितलं. ती ऐकत होती, हात चालू होता. मग म्हणाली, "तितंबी घंटा व्हती काय गं?" मला उत्तर देता आलं नाही. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "आसंलच."

देशातून तो कायदा गेला 31 ऑगस्ट 1952 ला, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षं आणि सोळा दिवसांनी. आमची माणसं हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण कायदा गेला तरी नजर गेली नाही. गावात चोरी झाली की आजोबांना बोलावणं यायचं. आणि माझ्या धाकट्या भावाचा जातीचा दाखला काढायला निघालो, तर 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा पुरावा मागितला. पालावर जन्मलेल्या आजोबांचा कुठून आणायचा? आजीचा ठसा सरकारनं घेतला, तिचं नाव रोज पुकारलं, त्या वहीचं एक पानसुद्धा आम्हाला मिळालं नाही. त्या दिवशी मी रस्त्यात उभी राहून रडले.

दवाखान्यात शेवटच्या दोन दिवसांत तिचं मराठी गेलं. ती आमच्या बोलीत बोलायला लागली, आणि आम्हाला ती अर्धीमुर्धीच येत होती. आबा पुन्हा पुन्हा विचारायचे, "काय पायजे, आय?" शेजारच्या खाटेपाशी एक तमिळ बाई बसली होती, नवऱ्याच्या बदलीनं कोल्हापुरात आलेली. ती उठली, पेला भरून आणला आणि आजीच्या ओठांना लावला. आजी "तण्णी" म्हणत होती. पाणी मागत होती.

आजीला पोचवून आलो त्या रात्री सगळे एकाच खोलीत आडवे झालो. कोपऱ्यात काठ न वळलेली पाटी होती, वरच्या काड्या तशाच उभ्या. काकूनं दिवा मालवला. बराच वेळ कुणी कूस बदलली नाही, कुणी खोकलं नाही.

मग अंधारातून आबांचा आवाज आला, "हाय."

जरा थांबून काका म्हणाले. मग आई, मग काकू. आता माझी पाळी होती.