निनांवी डिफॉल्ट

एका रुग्णालयाच्या डेटाबेसचें काम पूर्वीं मजकडे होतें. रुग्णास कोणतें औषध सोसत नाहीं, हें नोंदविण्याचा एक रकाना मीं त्यांत वाढविला. आणि रिकामा राहण्याची मुभा न ठेवतां ‘कांहीं नाहीं’ हें डिफॉल्ट मूल्य त्यास लावून दिलें. सोय झाली खरी! पण जुन्या सर्व रुग्णांच्या तोंडीं, त्यांस कोणीं न विचारतांच, तें उत्तर घातलें गेलें. ‘हें यांना केव्हां विचारलें?’ असा प्रश्न एका परिचारिकाबाईंनीं केला, तेव्हां माझी मान खालीं गेली. ‘नल’ म्हणजे ‘ठाऊक नाहीं’. तें निदान खरें तरी होतें.

डिफॉल्ट काढावयास गेलों, तों दुसरीच पंचाईत. एसक्यूएल सर्व्हरमध्यें डिफॉल्ट हें स्वतंत्र बंधन असतें. आपण त्याचें नांव ठेविलें नाहीं, तर ‘डीएफ’नें आरंभ होणारें, अक्षर-अंकांचें शेंपूट असलेलें नांव सर्व्हरच ठेवितो. चांचणीच्या यंत्रावरील तें नांव कामाच्या यंत्रावर मुळींच नव्हतें! (पोस्टग्रेसमध्यें डिफॉल्टास नांवच नसतें; तें रकान्यावरूनच काढतां येतें.) अखेर सर्व्हरच्या बंधनांच्या यादींतून तें हुडकून काढलें. पण डिफॉल्ट गेलें, तरी भरलेलीं उत्तरें जागच्या जागींच राहिलीं. मग एकेका रुग्णास विचारणें आलें.