उकाळ्याचे माप

जैन घरातील उकाळ्याची घडण जितकी वैद्यकाने, तितकीच आचारधर्माने केली आहे. ओले आले अनंतकाय म्हणून वर्ज्य. वाळलेली सुंठ मात्र अनेक घरांत चालते. मध महाविगयांत मोडतो, म्हणून गोडीसाठी गूळ. सकाळचा पहिला घोट नवकारसीनंतर, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी. चौविहार पाळणाऱ्यांचा शेवटचा सूर्यास्तापूर्वी. सुंठ, मिरी व पिंपळी या त्रिकटूला आयुर्वेदाने पाचक आणि कफनाशक मानले आहे. २०२० च्या साथीत आयुष मंत्रालयानेही तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ व मनुका यांचा काढा सुचविला होता. पण तो दिवसातून एकदा किंवा दोनदाच.

ही मर्यादाच एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी सुटली. हिवाळ्यात वडीलधाऱ्यांना खोकला झाला. उकाळ्यात मूठभर जेष्ठमध पडू लागले, आणि पेले दिवसाला चारवर गेले. खोकला थांबला तरी सवय राहिली. रक्तदाबाची गोळी नियमित घेऊनही दाब उतरेना, पायांवर सूज दिसू लागली. डॉक्टरांनी गोळी वाढविली. पुढच्या भेटीत सूनबाईंनी उकाळ्याचा विषय काढला, तेव्हा वडीलधारे म्हणाले, "ते कुठे औषध आहे? घरचेच तर आहे!"

डॉक्टरांनी मात्र एकेक जिन्नस विचारून घेतला. जेष्ठमधातील ग्लिसऱ्हायझिन या द्रव्यामुळे शरीरात मीठ व पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब चढतो. थोडे दिवस, थोड्या प्रमाणात घेतल्यास घशाला आराम देणारी तीच काडी रोज मूठभर झाली की रक्तदाबाच्या रुग्णाला घातक ठरू शकते. जेष्ठमध बंद झाले आणि काही आठवड्यांत दाब आटोक्यात आला.

पेढीवर तोळामासा पारखून घेणाऱ्या गृहस्थांना आपल्याच स्वयंपाकघरात तराजूची आठवण राहिली नव्हती. भूक असतानाही चार घास कमी खावे, असे सांगणारे ऊनोदरी तप त्यांना ठाऊक होते. ते पेल्यालाही लागू आहे, हे त्या हिवाळ्यात उमगले.

आज त्या घरात उकाळा होतो, पण सकाळी एकदाच. मसाल्याच्या डब्यात लहान चमचा असतो, आणि दवाखान्यात जाताना गोळ्यांच्या यादीखाली उकाळ्याचे जिन्नसही लिहिलेले असतात.