मोठा रेडिएटर बसवण्याआधी

गाडी गरम होऊ लागली की गावात सल्ला देणाऱ्यांना तोटा नसतो. एक म्हणतो, थर्मोस्टॅट काढून फेका. दुसरा म्हणतो, पंखा मोठा लावा. तिसरा छातीठोकपणे सांगतो, "मोठा रेडिएटर टाका, काम फत्ते!" आपल्याकडे म्हण आहे, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. तापणाऱ्या इंजिनाला ती अगदी चपखल लागू पडते.

आमच्या घरी जुनी डिझेल जीप आहे. पुरंदरची अंजिरे आणि सीताफळे घेऊन ती दिवे घाटातून पुण्याला उतरते आणि येताना पेंड व खताची पोती घेऊन तोच घाट चढते. उतरताना काही त्रास नाही. पण भर उन्हात, भरल्या गाडीने चढताना तापमानाचा काटा तांबड्या रेघेकडे सरकू लागला. आता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मिळते हे खरे, पण पावसाळ्यात रात्री-अपरात्री आमच्या वाडीचा चिखलाचा रस्ता ओलांडायला ही जीपच लागते. शेजारची लेकबाळ अडली तर लोक आमच्याच दारात येतात. अशी गाडी घाटात उभी राहून चालत नाही. म्हणून रेडिएटर वाढवायचा विचार घरात सुरू झाला, पण आधी रोग ओळखायचा असे मी ठरवले.

रेडिएटरचे काम साधे आहे. जळणाऱ्या डिझेलच्या उष्णतेपैकी बराच भाग इंजिनाभोवती फिरणारे पाणी उचलते आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाताना ती वाऱ्याला देऊन टाकते. पाणी जास्त तर थंडावा जास्त, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. विल्हेल्म मायबाख या जर्मन इंजिनिअरने १९००-०१ च्या सुमारास मर्सिडीज गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यात ८,०७० बारीक चौकोनी नळ्या होत्या आणि त्यामुळे पाणी फक्त ९ लिटर लागे, म्हणजे पूर्वीच्या निम्मे. वाऱ्याला भिडणारा पत्रा किती, यावर सारे अवलंबून असते. घागरीतला चहा तसाच कढत राहतो आणि बशीतला लगेच निवतो, त्यातलाच हा प्रकार.

म्हणून पहिली तपासणी फुकटची करावी. रेडिएटरच्या जाळीत भुसकट, कापसाचे तंतू, किडे आणि धूळ अडकते. मळणीत वापरलेल्या ट्रॅक्टरची जाळी तर कधी कधी पुरती बुजलेली असते. इंजिन थंड असताना आतल्या, म्हणजे इंजिनाच्या बाजूने पाण्याची हलकी धार मारावी. जोराच्या धारेने पातळ पत्र्या दुमडतात. मग पंख्याचा पट्टा सैल आहे का, होज पाइप दाबल्यावर लिबलिबीत लागतात का, पाण्याचा पंप गळतो का, हे पाहावे.

दुसरे म्हणजे झाकण. ते नुसते झाकण नसून दाब धरणारी झडप आहे. आमच्या पठारावर उघड्या भांड्यातले पाणी ९७-९८ अंशांनाच उकळते. ०.९ किलो दाबाचे झाकण चांगले असेल तर तेच पाणी ११५ अंशांपलीकडे जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर कडक झाले की दाब टिकत नाही आणि दोष मात्र रेडिएटरवर येतो. झाकण नवे घेताना जुन्यावरचाच आकडा मागून घ्यावा.

तिसरा थर्मोस्टॅट. तो काढला तर इंजिन नेहमी थंड चालते, डिझेल जास्त खाते आणि लवकर झिजते. तो सुतळीला बांधून पाण्यात सोडावा आणि पाणी तापवावे. बहुतेक ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडू लागतात. नेमका आकडा त्यावर कोरलेला असतो. ह्यासाठी स्वयंपाकाचे भांडे घेऊ नका. आमच्या सौ.नी मला टाकाऊ डबा दिला आणि चुलीपासून लांब बसवले, ते योग्यच केले.

हे सारे ठीक निघाले. तेव्हा गाडी थोडी चालवून, इंजिन बंद करून आणि पंखा थांबल्यावर, रेडिएटरवरून हात फिरवला. वरचा भाग तापलेला, पण खालच्या कोपऱ्यात मोठा पट्टा गार! म्हणजे तिथल्या नळ्यांतून पाणी जातच नव्हते. कारण उघड होते. न्हाणीतल्या तांब्याच्या बंबाला आतून पांढरा थर धरतो, तो भगिनींना सांगायला नको. आमच्या बोअरचे पाणी जड आहे. ते वर्षानुवर्षे गाडीत पडत आले आणि बंबातला तोच थर बारीक नळ्यांत बसला. तांब्याच्या मानाने हा थर उष्णता शंभरपटीहून कमी वाहून नेतो. तेव्हा रेडिएटर बदलणे भाग होते.

बदलायचाच तर तीन ओळींऐवजी चार ओळींचा, तांब्या-पितळेचा घेतला. ॲल्युमिनियमचा हलका असतो, पण तांब्या-पितळेच्या रेडिएटरला तालुक्याच्या गावीही डाग मारून मिळतो. एक ध्यानात ठेवा. चौथी ओळ वाढली म्हणजे थंडावा तिपटीचा चौपट होत नाही. शेवटच्या ओळीला मिळणारा वारा आधीच्या तिन्हींनी तापवलेला असतो. शिवाय जाड रेडिएटर पंख्याच्या जवळ येतो. इंजिन हलले तरी पाती घासणार नाहीत एवढी, निदान दोन बोटे, जागा हवी. पंख्याभोवतीचा पत्र्याचा घेर पुन्हा बसवायला विसरू नका. तो नसला तर पंखा तोच तापलेला वारा फिरवत बसतो.

काम अंगणातच केले. बॅटरीची तार सोडली, खालच्या कॉकमधून पाणी काढले, होजच्या क्लिपा सैल केल्या, बोल्ट काढले आणि मुलाच्या मदतीने जुना रेडिएटर उचलला. नवा बसवण्याआधी इंजिनातून स्वच्छ पाणी फिरवून गंज काढून टाकला. नाहीतर तोच गाळ नव्या नळ्यांत गेला असता. भरताना बोअरचे पाणी नाही, तर बॅटरीत घालतो ते शुद्ध पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे घातले. झाकण उघडे ठेवून इंजिन चालवले, बुडबुडे थांबेपर्यंत पातळी भरली, मगच झाकण लावले.

आता दोन गोष्टी कळकळीने सांगतो. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नका. दाब सुटताच आतल्या पाण्याची वाफ होऊन तोंडावर येते. निदान अर्धा तास थांबा. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेड तडकते.

दुसरी गोष्ट गोठ्यातली. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि जहरी असते. काढलेले पाणी घमेल्यात तसेच राहिले तर कुत्रे चाटते, वासरू तोंड घालते आणि पोराटोरांनाही रंगीत पाण्याचे आकर्षण असते. ते लगेच झाकणाच्या डब्यात भरा, सांडलेल्यावर माती टाकून ती उचला आणि विहिरीकडे जाणाऱ्या पाटात तर मुळीच ओतू नका. डबा गॅरेजवाल्याकडे पोचवा.

जीप आता भरल्या पोत्यांनिशी दिवे घाट चढते आणि काटा मधोमध राहतो. तरी आमच्या घरचा नियम आता असा आहे की गाडीला बोअरच्या पाण्याचा थेंबही द्यायचा नाही आणि दर सुगीनंतर जाळी धुवायची. तुमचीही गाडी तापत असेल तर दुकान गाठण्याआधी एक सकाळ तिच्यासाठी काढा. झाकण, पट्टा, जाळी यांतच दुखणे निघाले तर पैसे वाचतील. आणि रेडिएटर बदलावाच लागला, तर तो का बदलला हे तरी तुम्हाला ठाऊक असेल.