ऑटोपायलटचे होकायंत्र

उपग्रह नावेचे स्थान इतके अचूक सांगत असता ऑटोपायलटला निराळे होकायंत्र हवेच कशाला, असा प्रश्न धक्क्यावर मला अनेकांनी केला आहे. उपग्रहावरून नाव कोणीकडे सरकते आहे एवढेच कळते, तिचे तोंड कोणीकडे आहे हे कळत नाही. आणि मांडव्यासमोर ओहोटीच्या ओढीत मंद गतीने चाललेल्या नावेच्या बाबतीत या दोन दिशांत पंधरा-वीस अंशांची तफावत सहज पडते.

आमची नाव फायबरची. तिच्या पूर्वीच्या मालकाने होकायंत्राची डबी केबिनमधील एका सुबक फळीवर, गाण्याच्या स्पीकरपासून जेमतेम वीतभर अंतरावर बसवलेली होती, आणि स्पीकरच्या पाठीशी चांगला दांडगा लोहचुंबक असतो याची दखल त्या सुतारकामात कोठेही घेतलेली नव्हती. ती तेथून काढून नावेच्या मध्याजवळ, तळाच्या बाजूस, जेथे हेलकावा कमीत कमी पोहोचतो आणि इंजिन व नांगराची साखळी ही दोन्ही लोखंडी प्रकरणे पुरेशी दूर राहतात, अशा कप्प्यात पितळी स्क्रूंनी बसवण्याची तजवीज केली. जोडणी त्या मानाने रूक्ष काम; मुख्य केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक असावे लागतात, आणि वीज बंद करून दोन संदेशतारांवर मीटर लावला असता ६० ओहम भरले म्हणजे दोन्ही जागेवर आहेत असे समजावे. आमचे ६० भरले.

खरे काम त्यानंतरचे. इंजिनाच्या आणि ओतीव कीलच्या लोखंडात काही चुंबकत्व कायमचे मुरलेले असते, काही पृथ्वीच्या क्षेत्रामुळे नावेच्या तोंडाबरोबर बदलत राहते. पहिल्याचा दोष पूर्ण वर्तुळात एकदा वरखाली होतो, दुसऱ्याचा दोनदा. लॉर्ड केल्व्हिनने एकोणिसाव्या शतकात याच दोन दोषांसाठी होकायंत्राखाली चुंबक आणि दोन्ही अंगांना लोखंडी गोळे बसवले. आजचे यंत्र ती वजाबाकी गणिताने करते, मात्र त्यासाठी नावेने त्याला सर्व दिशा सावकाश दाखवाव्या लागतात. म्हणून अष्टमीच्या भांगाचा, पाण्याला फारशी ओढ नसलेला दिवस पाहून, मोठ्या जहाजांपासून दूर, एकेका फेरीस दोन मिनिटांहून अधिक वेळ लागेल अशा बेताने आम्ही गोल फिरू लागलो. "साहेब, काही पडलंय का पाण्यात?" असे शेजारून जाणाऱ्या होडीवाल्याने विचारले, तेव्हा सुकाणूवर बसलेल्या तांडेलमामांनी त्याला हातानेच वाटेला लावले. पडद्यावर विचलन सहा अंश उमटले. एवढे यंत्राला सहज पचते.

मुंबईच्या आसपास चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी अंतर असल्यामुळे येथे होकायंत्राची जी चूक दिसते ती बहुतेक नावेच्याच खाती जमा होते. डबी किंचित तिरकी बसली असल्यास तो फरक वेगळा काढावा लागतो, यासाठी नावेचे तोंड खांदेरीच्या दीपगृहावर रोखून पडद्यावरील अंश नकाशातील दिशेशी जुळवून घेतला. त्याच किनाऱ्यावर थोडे पुढे अलिबागची चुंबकीय वेधशाळा आहे. कुलाब्यास १८४१ पासून चाललेल्या नोंदी मुंबईतील नियोजित विजेच्या ट्रामगाड्यांमुळे बिघडणार हे ओळखून नानाभाई मूस यांनी १९०४ मध्ये तिची स्थापना केली, इमारतीसाठी चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरी दगड वापरला, आणि दोन्ही ठिकाणच्या नोंदी सुमारे दोन वर्षे शेजारी शेजारी ठेवून मगच कुलाब्याचे काम थांबवले. ट्राम अडवता येत नाही, तेव्हा सुईच हलवावी, हा त्यांचा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. आम्ही तरी स्पीकरच्या बाबतीत निराळे काय केले होते!

परतल्यावर कप्प्याच्या झाकणावर "लोखंडी जिन्नस ठेवू नये" असे रंगाने लिहवून घेतले. मामांनी ते दोनदा वाचले, आणि आपला जेवणाचा डबा स्टीलचा आहे, त्यास हा हुकूम लागू होतो काय, याचा खुलासा मागितला. आम्ही लोहचुंबक आणून पाहिला: डबा चिकटला नाही, कडी मात्र चिकटली.