रक्तदाबाचे यंत्र ‘एरर’ दाखवते तेव्हा

घरातील मिक्सर किंवा पंखा रुसला तर आपण चिडतो; रक्तदाबाचे यंत्र रुसले की मात्र घाबरतो. पट्टा फुगतो, सैल पडतो, पुन्हा फुगतो आणि शेवटी पडद्यावर आकड्यांऐवजी ‘एरर’ उमटते. वाशी-नेरुळ परिसरात केवळ दोघेच ज्येष्ठ राहत असलेली घरे पुष्कळ आहेत. तेथून असा दूरध्वनी आला की मी आधी एवढेच सांगतो : पट्टा सोडा आणि पाच मिनिटे शांत बसा. भीतीपोटी लागोपाठ मोजत राहिल्यास दाब खरोखरच वाढतो.

मग यंत्राकडे वळावे. सेल उतरले असले तरी पडदा उजळतो, परंतु पंपाला जोर राहत नाही. सर्व सेल एकदम बदला. जुने-नवे मिसळू नका. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत सेलखालच्या धातूच्या पट्ट्या लवकर गंजतात, त्या कोरड्या फडक्याने पुसा. त्यानंतर रबरी नळी पाहा. डबीत दुमडून ठेवल्याने ती बहुधा जोडापाशीच चिरते. पंप बराच वेळ घरघरतो, आकडा चढत नाही आणि कान दिल्यास बारीक फुसफूस ऐकू येते, तर हवा गळते आहे असे समजावे. नळी किंवा पट्टा स्वतंत्र मिळतो. यंत्राचे पोट मात्र उघडू नका. ते घरचे काम नव्हे.

माझ्या अनुभवात सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे पट्टा. यंत्रासोबत सामान्यतः २२ ते ३२ सेंटीमीटर घेराच्या दंडासाठीचा पट्टा येतो. शिंप्याच्या टेपने आपला दंड मोजून पाहा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा खोटाच वाढलेला दिसतो; वयोमानाने वाळलेल्या दंडाला तोच पट्टा मोठा होऊन आकडा कमी दिसू शकतो. दंड हृदयाच्या पातळीवर हवा. हात मांडीवर दहा सेंटीमीटर खाली राहिला तर वरचा आकडा सात-आठने वाढतो, आणि तेवढ्यावरून गोळी वाढवण्याची घाई करणारी मंडळी मी पाहिली आहेत.

एवढे करूनही ‘एरर’ हटत नसेल, तर यंत्राचे कार्य समजून घ्यायला हवे. आम्ही डॉक्टर पाऱ्याच्या यंत्राने मोजताना स्टेथोस्कोपमधून धमनीचा आवाज ऐकतो. ही पद्धत कोरोटकॉव्ह या रशियन शल्यवैद्याने १९०५ साली मांडली. घरचे यंत्र बहुधा ऐकत नाही. धमनीच्या प्रत्येक ठोक्याने पट्ट्यातील हवेत उठणारी सूक्ष्म थरथर ते टिपते. म्हणूनच बोलणे, हात हलवणे वा थंडीने कापणे यांनी ते गोंधळते.

आणि नाडीच अनियमित असेल तरीही गोंधळते.

नेरुळमधील एका सत्तरी ओलांडलेल्या आजोबांच्या मुलाने सेल बदलले, पट्टा बदलला, शेवटी नवे यंत्र आणले. त्यानेही ‘एरर’च दाखवली. मुलाच्या हातावर मात्र दोन्ही यंत्रे बिनतक्रार चालत होती! आजोबांची नाडी धरली तेव्हा ठोक्यांना कोणताही ताल नव्हता. ईसीजीत ‘एट्रियल फिब्रिलेशन’ निघाले. या विकारात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जाण्याचा, म्हणजे पक्षाघाताचा, धोका असतो. औषधाने तो बराच कमी करता येतो. आजोबांना छातीत धडधडसुद्धा जाणवत नव्हती.

तेव्हा यंत्र एकाच व्यक्तीवर अडत असेल, तर त्या व्यक्तीची नाडी पाहा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर, दोन-तीन बोटे ठेवा. आपला अंगठा नको, त्याची स्वतःची नाडी फसवते. पूर्ण एक मिनिट मोजा. ठोके वेडेवाकडे पडत असतील तर दुकानात न जाता डॉक्टरांकडे जा आणि ईसीजी काढून घ्या. तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, छातीत दुखणे किंवा धाप लागणे यांपैकी काही असेल, तर यंत्राशी झटत बसू नका. १०८ ला दूरध्वनी करा.

एरवी पुढच्या तपासणीला येताना आपले यंत्र पिशवीत घालून आणा. त्याच दंडावर दोन्ही यंत्रांनी मोजून फरक पाहता येतो. वहीत आकड्यांसोबत ‘एरर’ आल्याची तारीख आणि वेळही लिहून ठेवा. मी ती आकड्यांइतक्याच लक्षपूर्वक वाचतो.