नगरकरांविरुद्धची फिर्याद

वर्सोवा, मुंबई

चि. मेधा हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. मराठीत एक असामान्य कादंबरी लिहून पुढे जन्मभर इंग्रजीचा आश्रय घेणाऱ्या किरण नगरकरांना आपण आपले का म्हणावे, हा तुझा सवाल नवा नव्हे. त्यांच्या हयातीतही तो त्यांना वारंवार ऐकावा लागला. परंतु या खटल्यात फिर्यादी कोण आणि आरोपी कोण, याचा निवाडा करण्यापूर्वी थोडा पूर्ववृत्तान्त ध्यानी घ्यावास, म्हणून हे पत्र किंचित लांबवतो.

ज्यांचे मराठीतील शिक्षण जेमतेम चार इयत्तांचे, त्या गृहस्थांनी पहिली कादंबरी लिहावयास घेतली ती मराठीत, हेच मुळात नवल. १९७४ साली मौज प्रकाशनाने ‘सात सक्कं त्रेचाळीस’ प्रसिद्ध केली. कुशंक पुरंदरे या नायकाचे ते निवेदन काळाचा क्रम झुगारून हवे तेथून सुरू होते आणि हवे तेथे तुटते. करुण आणि चावट, क्रूर आणि विनोदी यांची त्यात अशी सरमिसळ आहे, की आदि-मध्य-अंताच्या सुविहित वाटचालीस सरावलेल्या वाचकांची फारच पंचाईत झाली. जाणत्यांनी वाखाणणी केली, ह. ना. आपटे पारितोषिक मिळाले, आणि १००० प्रतींची पहिली आवृत्ती खपावयास, नगरकर स्वतः सांगत त्याप्रमाणे, २७ वर्षे लागली. १९७८ च्या ‘बेडटाइम स्टोरी’ या नाटकाचे नशीब तर याहून खडतर: महाभारताच्या आधाराने समाजालाच जाब विचारणाऱ्या त्या संहितेत परिनिरीक्षण मंडळाने बेसुमार काटछाट फर्मावली, परंपराभिमान्यांनी विरोध केला, आणि ते रंगभूमीवर यावयास दीड तपाच्या आसपास काळ लोटला.

‘रावण अँड एडी’ या कादंबरीचीही आरंभीची पाने मराठीतच उतरली होती, पुढे लेखणी इंग्रजीकडे वळली, पण मुक्काम माझगावच्या चाळीतच राहिला. तेथे चौथ्या मजल्यावर हिंदू, पाचव्यावर ख्रिस्ती. गॅलरीतून निसटलेले तान्हे मूल झेलण्याच्या भरात व्हिक्टर कुटिन्हो प्राणास मुकतो, मूल मात्र वाचते, आणि त्याची आई पार्वतीबाई त्याला दृष्ट लागू नये म्हणून रामाचा रावण करून टाकते. व्हिक्टरचा मुलगा एडी तेव्हा आईच्या पोटात असतो. हा ऐवज मराठी नव्हे, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? ‘द एक्स्ट्राज’मध्ये (२०१२) हीच पोरे सिनेमात नाव काढण्याच्या उमेदीने जाऊन गर्दीतल्या कामांवर येऊन ठेपतात. आमच्या आराम नगरच्या गल्ल्यांतून ऑडिशनसाठी ताटकळणारी, घामाने विसकटलेले केस मोबाइलच्या काचेत बघून पुनःपुन्हा नीट करणारी परगावची मुले पाहिली, म्हणजे त्या कादंबरीतील हशा किती जिव्हारी लागणारा आहे, हे उमगते.

मीराबाईच्या पतीची, मेवाडच्या युवराजाची बाजू मांडणाऱ्या ‘ककोल्ड’ला (१९९७) साहित्य अकादमीने २००० साली गौरविले, ‘गॉड्स लिटल सोल्जर’चे (२००६) येथे थंडे आणि जर्मनीत सहर्ष स्वागत झाले, २०१२ मध्ये जर्मन सरकारने त्यांना सन्मानचिन्हही दिले. २०१९ च्या सप्टेंबरात ते निवर्तले.

केवळ विक्री झाली नाही म्हणून त्यांनी भाषा बदलली, असे मी म्हणत नाही. कोणत्या भाषेत लिहावे हा लेखकाचा अखत्यार आहे. परंतु पुस्तक दुकानात असताना हात आखडता घ्यावयाचा, आणि लेखक दूर गेल्यावर भाषाभिमानाने गळा काढावयाचा, हा कारभार न्यायाचा नव्हे. तेव्हा ‘सात सक्कं त्रेचाळीस’ कोणाकडून उसनी न आणता विकत घे आणि शेवटपर्यंत वाच. त्यानंतरही तुझी फिर्याद कायम राहिली, तर अवश्य कळव. मी ती दाखल करून घेईन.

कळावे, लोभ असावा.

तुझा काका